चार बोटं खिडकी

"कान बघू," म्हणत मावशी समोरच्या मुलीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायच्या, बाजारात भेंडी निवडताना धरतात तशी. दोन दिवसांच्या प्रवासानं चेपलेल्या त्या मुली दौंड स्टेशनच्या फलाटावर नुकत्याच उतरलेल्या असायच्या. मराठीचा गंध नाही. कुणी घाबरून मागं सरकायची, कुणाला वाटायचं ही बाई कानातलं काढून घेते की काय. मावशींचा निकाल तोवर लागलेला असायचा. "मऊ हाय. हिनं थंडी बघितलीच न्हाई. हिला जपाय लागंल." मग पुढचा कान.

मी शेजारी यादी घेऊन उभी असायचे. नावापुढं टिक करणं हे माझं काम. यादीत कानासाठी रकाना नव्हता, पण पाच-सहा दिवसांनी कोण पहिली शिंकणार हे मावशींना बरोबर माहीत असायचं.

दसऱ्यानंतर कधी सकाळी दौंडच्या फलाटावर तुमचं जाणं झालं असेल, तर तुम्हीही या मुली पाहिल्या असतील. सगळ्यांच्या पिशव्या एका रंगाच्या, पायात रबरी चपला, एकमेकींचे हात घट्ट धरलेले. शिरूरकडच्या एमआयडीसीत ट्रेनिंगसाठी येतात. आमच्या कंपनीत यायच्या त्या बहुतेक ओडिशातल्या, समुद्राकाठच्या गावांतल्या. त्यांच्या लेखी थंडी म्हणजे पंखा दोनवरून एकवर आणणं. आणि आमच्याकडं डिसेंबरात पहाटे बादलीतलं पाणी हाताला चावतं.

मावशी होस्टेलवर झाडलोट करायच्या. होस्टेल तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं, उसाच्या फडाला लागून. मावशी केंदूरहून रोज जीपनं यायच्या. कागदोपत्री ठेकेदाराच्या हाउसकीपिंगच्या. सहावारी पातळ, त्यावर पुरुषी स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या, डोक्याला टॉवेल. स्वेटर नवऱ्याचा. तो जाऊन बरीच वर्षं झालेली. "लय मोठा आहे तुम्हाला," असं एकदा मी म्हणाले, तर म्हणाल्या, "मानूस बी मोठंच व्हतं." 

थंडीचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पायरीवर पडलेली वस्तू उचलून जागेवर ठेवावी, तसं त्यांनी ते उचललं होतं. मी नोकरीला लागायच्या आधीच्या वर्षी एका मुलीला न्यूमोनिया झाला आणि तिला घरी परत पाठवावं लागलं. "स्ट्रेचरवरनं गाडीत चढिवली म्या तिला," मावशी सांगायच्या. "नाव बी धड येत नव्हतं मला तिचं." तेव्हापासून नवी तुकडी येणार म्हटलं की त्या गाठोडं घेऊन कंपनीच्या बसमध्ये आधी जाऊन बसायच्या. गाठोड्यात वस्तीतून गोळा केलेले स्वेटर, कानटोप्या, एका पायाचे मोजे. "दुसरा घावंल की कवातरी," असं त्या मोज्यांबद्दल म्हणायच्या.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी दौंडची. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, शाळा इंग्रजी माध्यमाची. मी कमी बोलते. कमी बोलण्याला लोक हुशारी समजतात, त्याचा मला आजवर बराच फायदा झाला आहे. ट्रेनिंग विभागात सहायक म्हणून लागले, त्या पहिल्या दिवशी मावशी माझं टेबल पुसायला आल्या. आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. फडकं डाव्या हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "जयभीम, बाळा."

शेजारच्या टेबलावर दोघं बसले होते. मी म्हणाले, "गुड मॉर्निंग, मावशी."

त्यांनी टेबल पुसून पुरं केलं. पुढं दोन वर्षांत ऑफिसात त्या मला मॅडम म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. रागावून नाही. माझी सोय ओळखून. बाहेर, जीपच्या थांब्यावर कुणी नसलं, तरच 'बाळा'.

बसमध्ये मावशींचं भाषण ठरलेलं असायचं. एका हातानं दांडा धरून, वळणावळणाला हेलकावत, त्यांच्या हिंदीत. "सुनो पोरींनो. इधर का हवा एसटी जैसा है. टाइम का भरोसा नै. सुबह को स्वेटर, दोपहर को पंखा, शाम को छत्री. तिन्ही जवळ रखने का." मुली एकमेकींकडं बघायच्या. एखादी धीट मुलगी विचारायची, "मौसी, बर्फ गिरता है?" मावशी गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "बर्फ नै. दात गिरता है, ऐसा ऐसा," आणि दातांवर दात वाजवून दाखवायच्या. तिथं पहिल्यांदा बसमध्ये हसू यायचं. मला वाटतं भाषण त्यासाठीच होतं.

सस्मिता नावाची मुलगी त्या वर्षीच्या तुकडीत होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची, सगळं वाचणारी. बिस्किटाच्या पुड्यावरचंही वाचायची. दिवाळीनंतर एका सकाळी तिनं आपली खोबरेल तेलाची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मावशींनी ती बाहेर काढली. तेल गोठून पांढरं झालं होतं. सस्मिता म्हणाली, खराब हो गया, दुकानदारानं फसवलं. त्यांच्या गावात ते जन्मात कधी गोठलं नव्हतं.

"अगं, खराब नै हुआ. सो गया," मावशी म्हणाल्या. बाटली उन्हात ठेवली, दहा मिनिटांत ते जागं झालं. तेव्हापासून सगळ्या मजल्याला सवय लागली. सकाळी उठल्यावर बाटली बघायची. तेल झोपलेलं असेल तर कान बांधून बाहेर पडायचं.

ओल्या केसांवरून मात्र रोज भांडण. या मुली पहाटे डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मावशी सव्वापाचला फाटकात उभ्या. वेणीला हात लावून बघायच्या, ओली असली की परत. "बस छुटेगा, मौसी." "छुटने दे. तू छुटनेसे बस छुटा अच्छा."

लोखंडी खाटांवर गादीखाली त्यांनी कंपनीतले पुठ्ठ्याचे खोके उलगडून घातले. पांघरुणं वाढवायच्या ऐवजी गादीवर वाकळ अंथरायला लावली. मुली म्हणाल्या, वाकळ तर वरून घेतात. "थंडी वरनं येत न्हाई. खालनं येती. चोरावानी," मावशी म्हणाल्या. खरं होतं. मी घरी करून पाहिलं. त्यांना सांगितलं मात्र नाही.

आणि खिडकी. होस्टेलच्या प्रत्येक खोलीला गॅलरीकडं उघडणारी सरकती खिडकी आहे. मावशींनी कंपनीत माल रचायला असतात त्या पॅलेटच्या लाकडाचे तुकडे कापून प्रत्येक खिडकीच्या खाचेत बसवले होते. त्यामुळं खिडकी पूर्ण बंद व्हायचीच नाही, चार बोटं उघडी राहायची. मुली कुरकुरायच्या. एका खोलीत तिघी, त्यांचा श्वास, डासांची कॉइल, उदबत्ती. "तीन बोटांत धूर अडकतो," मावशींचा हिशोब असा, "आन् पाच बोटांत मांजर येतं."

पहाटे अंगणात त्या घमेल्यात शेकोटी करायच्या, मोडक्या पॅलेटची. पहिल्या शिफ्टच्या मुली बस येईपर्यंत शेकायच्या. निखारे राखेखाली ठेवायच्या, नऊ वाजता दुसऱ्या शिफ्टच्या मुली हात शेकत तिथंच दात घासायच्या. नियम एकच. "आग अंगणात, मानूस घरात. दोघांची गाठ घालायची न्हाई."

डिसेंबरच्या मध्यावर ऑडिट येणार होतं. साहेब म्हणाले, होस्टेलवर हिवाळ्यासाठी सूचना लावलेल्या दिसायला हव्यात, चांगल्या इंग्रजीत आणि हिंदीत. चांगलं इंग्रजी म्हणजे मी. मी इंटरनेटवर शोधलं. जिथं घराघरांत हीटर असतात अशा कुठल्या तरी देशाच्या दहा सूचना सापडल्या. त्या मी नीट मांडल्या, हिंदी केलं, शेकोटीचं छोटं चित्र घातलं आणि लॅमिनेट करून हॉलच्या आणि प्रत्येक खोलीच्या दाराला आतून चिकटवायला घेतल्या. दिसायला सुंदर दिसत होत्या. साहेबांनी हातात घेऊन उलटसुलट केलं, "व्हेरी नाइस" म्हणाले. वाचलं नाही.

मावशी जिना पुसत होत्या. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी एकेक सूचना मराठीत सांगत गेले. गरम पाणी प्या. थरावर थर कपडे घाला. चौथीला त्या थांबल्या. चौथी सूचना होती, खोलीतली ऊब टिकवण्यासाठी दारं-खिडक्या पूर्ण बंद ठेवा.

"हे खोडा, मॅडम. चार बोटं उघडी म्हना."

"मावशी, हे ऑफिशियल आहे. लॅमिनेट झालंय."

"लॅमिनेट झालंय व्हय," त्या म्हणाल्या. "मग खरं असंल."

मला राग आला. तो राग कसला होता ते मला आता कळतं. जिन्यावर दोन मुली उभ्या होत्या आणि झाडणाऱ्या बाईनं माझी चूक काढली होती. मी म्हणाले, "आणि ती लाकडं काढा खिडक्यांतली. ऑडिटवाल्यांना चालणार नाहीत." आवाज वर गेला नव्हता. माझा आवाज वर जात नाही. मावशींनी पोछा बादलीत ठेवला आणि एकेका खोलीत जाऊन तुकडे काढले. पदरात घेऊन खाली गेल्या.

ऑडिट झालं. लाकडं परत लावा, असं मी म्हणाले नाही. त्यांनीही विचारलं नाही. अंगणात मात्र त्या मुलींना अजून बजावत होत्या, "खिडकी चार बोटां." पण मुली शिकलेल्या होत्या. दाराला छापलेला कागद होता, त्यावर कंपनीचं चिन्ह होतं. कुणाचं ऐकायचं हे आपणही असंच ठरवतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सस्मिताला ताप होता. तिची आणि तिच्या खोलीतल्या दोघींची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळं सकाळी तिघी खोलीतच. पहिल्या शिफ्टची बस गेल्यावर त्यांनी ओल्या टॉवेलनं धरून अंगणातलं घमेलं वर नेलं, खाटांच्या मध्ये ठेवलं, खिडकी पूर्ण ओढून खटका लावला आणि तिघी एका खाटेवर पांघरुणात शिरल्या.

साडेनऊच्या सुमारास मावशी तो मजला झाडायला गेल्या. दार वाजवलं. उत्तर नाही. त्या नंतर म्हणाल्या, "त्या खोलीत येवढी शांतता कवाच नसती." त्यांनी बादली उचलून खिडकीवर मारली. काचेचा आवाज ऐकून मी खालच्या ऑफिसातून धावले. वर पोचले तेव्हा त्यांनी फुटक्या काचेतून हात घालून दाराची कडी काढली होती आणि हाताला रक्ताची धार होती. तिघींना त्यांनी ओढून गॅलरीत आणलं. तिसरीचे पाय मी धरले. एवढंच मी केलं. सस्मिताचा चेहरा लालसर होता, झोपेत असल्यासारखा. मावशी तिच्या गालांवर चापट्या मारत होत्या, "ऊठ. ए पोरी, ऊठ. ऊठ म्हनते ना," आणि तिनं डोळे उघडून उलटी केली, तेव्हा मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या.

तिघी वाचल्या. शिरूरच्या दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं डॉक्टरांनी सुरू केलं आणि वाक्य पुरं केलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

ॲम्ब्युलन्स गेली. साहेब बारापर्यंत येणार होते. मी खाली जाऊन कॉम्प्युटर उघडला. चौथी सूचना बदलली. 'खिडकी किमान चार बोटं उघडी ठेवा.' त्याखाली आणखी एक ओळ घातली, 'खोलीत आग किंवा निखारे आणू नका.' छापलं, लॅमिनेट केलं. कागद मशीनमधून गरम बाहेर येत होते. मग हॉलमध्ये आणि खोलीखोलीत जाऊन जुने ओढून काढले आणि नवे त्याच जागी लावले. एकही कागद वाकडा लागला नाही, हे मला स्पष्ट आठवतं.

शेवटच्या खोलीतून बाहेर आले तर दारात मावशी. हाताला पट्टी. माझ्या काखेत जुन्या कागदांची चळत. त्यांनी चळतीकडं पाहिलं, मग दाराकडं. आत गेल्या, नव्या कागदाच्या कोपऱ्याशी जुन्या टेपचा तुकडा राहिला होता तो नखानं खरवडून काढला.

"ह्यो राह्यला व्हता," म्हणाल्या.

साहेबांनी हॉलमध्ये विचारपूस केली. ठेकेदाराचा माणूस होता, मावशी उभ्या होत्या आणि मी टेबलाशी लिहायला बसले होते.

"घमेलं कुणाचं?"

"माझं, साहेब. अंगनात व्हतं."

"खिडकी बंद का होती? इथं स्वच्छ लिहिलंय," साहेबांनी हॉलच्या दारावर लावलेल्या नव्या कागदावर बोट ठेवलं, "चार बोटं उघडी ठेवा. तुम्ही म्हणे लाकडं लावली होती. ती कुणी काढली?"

मावशी कागदाजवळ गेल्या. हिंदीची देवनागरी त्या सावकाश लावायच्या. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तसं लिहिलंय व्हय. बरं झालं लिहिलं." आणि मग, माझ्याकडं न बघता, "लाकडं म्याच काढली, साहेब."

"का?"

"ते आता आठवत न्हाई."

साहेबांनी मला विचारलं, "तुझ्या कानावर काही होतं?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला स्वतःलाही सांगता येणार नाही. साहेबांनी ती नकाराची धरली. मी इंग्रजीत लिहिलं की हाउसकीपिंगच्या कर्मचारी महिलेनं सूचनेविरुद्ध लाकडं काढली आणि जळतं घमेलं लक्ष न देता ठेवलं. तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. कागद सहीसाठी मावशींपुढं सरकवला.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला खोट्यापेक्षा जास्त लागतं. त्यांनी पट्टी बांधलेल्या हातानं सही केली, एकेक अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

मुली परत आल्यावर सस्मितानं पहिल्यांदा विचारलं, "मौसी कहाँ?" मी म्हणाले, छुट्टी पर. तिला दुसऱ्याच कुणीतरी खरं सांगितलं, म्हणजे जे सगळ्यांना माहीत होतं तेवढं. ती माझ्याकडं येऊन रडली. "मैडम, घमेला मैं लेकर गयी थी. मेरी वजह से मौसी का काम गया." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला पाणी दिलं आणि बसकडं पाठवलं.

फेब्रुवारीत एका रविवारी मी तळेगावहून जीपनं केंदूरला गेले. बौद्धवस्तीत विचारलं तर कळलं, मावशी कांदे काढायला गेल्यात. शेतात दहा-बारा बाया ओळीनं बसल्या होत्या. मावशी विळ्यानं पात कापत होत्या. मला पाहून टॉवेल सारखा केला आणि बांधावर आल्या. "बस. पानी पी आधी."

मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मी साहेबांना सगळं सांगते."

"सांगून?" त्या बसल्या, दोन कांदे सवयीनं जवळ ओढले. "तुझी खुर्ची जाईल. मला ते काम परत कोन देतंय? आपली येक पोरगी तिथं खुर्चीवर बसलीय. झाडायला काय, मी कुठंबी झाडीन."

हे ऐकून मला काय वाटावं? मला हायसं वाटलं. तिथं उन्हात, त्यांच्या हातावरचा काचेचा व्रण दिसत असताना, सुटले असं वाटलं. हे लिहिताना मान वर होत नाही, पण तसंच वाटलं होतं.

"ती पोरगी कशी हाय? सस्मिता?"

"बरी आहे. तिला वाटतं तिच्यामुळं तुमचं काम गेलं."

विळा थांबला. "आन् तू ऐकून घेतलंस?"

मी बांधावरचं ढेकूळ बोटांनी फोडलं.

"पोटात घास नीट जात नसंल तिच्या, आन् तू ऐकून घेतलंस?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. ओळीतल्या दोन बायांनी वळून पाहिलं. "साहेबाचं राहू दे. माझंबी राहू दे. त्या पोरीला सांग. आजच्या आज सांग. परक्या मुलखात येकटं लेकरू, ते असं वझं घेऊन झोपतंय आन् तुला झोप येती?"

मग त्या उठल्या. ओळ पुढं गेली होती. जाताना म्हणाल्या, "उन्हाचं डोक्यावर घे कायतरी."

आजच्या आज सांगायला मला आठ दिवस लागले. गच्चीवर सस्मिता कपडे वाळत घालत होती. मी हिंदीत सांगितलं. पहिला कागद, लाकडं, दुसरा कागद. ती दातात चिमटा धरून ऐकत राहिली. मग तो काढून विचारलं, "मौसी को मालूम था?"

"हाँ."

तिनं ओढणीला चिमटा लावला आणि पुढचा कपडा झटकला. मी खाली आले. सगळ्या मजल्याला दोन दिवसांत कळलं. मुली मला आजही मॅडम म्हणतात, काम सांगितलं की करतात. साहेबांना मात्र मी आजतागायत सांगितलेलं नाही. मावशींनी नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

पुढच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी सात-आठ मुली केंदूरला गेल्याचं मला सोमवारी बसमध्ये समजलं. सस्मिता पुढच्या सीटवर मैत्रिणीला मोबाइलवर फोटो दाखवत होती. मी मागून पाहिला. बांधावर मुली दाटीवाटीनं बसलेल्या, मध्ये मावशी, ओळखपत्राच्या फोटोला बसावं तशा ताठ. एका मुलीनं त्यांच्या गळ्यात हात टाकलेला.

"मौसी कैसी हैं?" मी विचारलं. गच्चीनंतर तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं कामाबाहेरचं वाक्य.

"अच्छी हैं." तिनं फोटो पुढं सरकवला. "पूछ रही थीं, मैडम क्यों नहीं आयीं."

"तुमने क्या कहा?"

"सच कहा. कि आपको बुलाया नहीं."

मी खिडकीबाहेर बघितलं, मग न राहवून विचारलं, "फिर?"

"डाँटा हमको," सस्मिता म्हणाली. "बहुत डाँटा." आणि मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला.

ते रागावणं माझ्या वाट्याचं होतं. मावशींनी तेही माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.